सख्खा शेजारी देवयानी नव्हे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला आकाशगंगेवरचा लेख मी दोनदा वाचला. आमच्याकडे पेपर एसटीने येतो, तोवर दुपार झालेली असते, आणि दुपारी मला दुसरं काम नसतं. लेख बरा होता. पण त्यात तीन गोष्टी चुकल्या आहेत, आणि तिसरी चूक आमच्या किनाऱ्याशी संबंधित असल्यामुळे गप्प बसवेना.

लेखात म्हटलंय की आपल्या आकाशगंगेच्या सर्वांत जवळची दीर्घिका (म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह) देवयानी. पुढे म्हटलंय की आकाशगंगेभोवती काही 'खुज्या' दीर्घिका फिरतात, पण त्या नगण्य आहेत. आणि शेवटी, मॅगेलनचे मेघ (याच खुज्या दीर्घिकांतल्या दोन) भारतातून दिसतच नाहीत.

मी शिक्षक नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच. जुनी अकरावी झाल्यावर बोटीवर चढलो आणि एकोणतीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, त्यातली बरीचशी सुकाणी, म्हणजे जहाजाचं चाक धरणारा, म्हणून. आता वय 73. देवगड तालुक्यात घर आणि थोडी कलमं आहेत. पण ज्या दीर्घिकांना आपल्या लेखकाने नगण्य म्हटलं, त्यातल्या दोन मी नुसत्या डोळ्यांनी, दुर्बिणीशिवाय, महिनोन्‌महिने पाहिल्या आहेत. म्हणून हे पत्र.

1973 चा डिसेंबर. माझी पहिलीच मोठी सफर, मुंबईहून युरोपकडे. सुएझ कालवा 1967 च्या युद्धापासून बंद होता, तो उघडला थेट 1975 च्या जूनमध्ये, त्यामुळे सगळी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायची. दक्षिण आफ्रिकेशी आपल्या देशाचा व्यापार बंद असल्यामुळे आम्ही तिथे कुठे लागलो नाही. मला पाळी मिळाली होती बारा ते चारची, म्हणजे सेकंड मेट या अधिकाऱ्याची. माझ्या जोडीला वेंगुर्ल्याकडचे एक म्हातारे सुकाणी होते. एक तास ते चाकावर, एक तास मी.

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपच्या खाली, हवा अशी स्वच्छ असते की सुरुवातीला माणूस घाबरतो. मी चाक सोडून ब्रिजच्या बाहेरच्या सज्जावर, म्हणजे विंगवर, आलो तर वर दोन ढग. एक मोठा, एक लहान, पांढुरके, कडा विस्कटलेल्या. मी आपला नवखा. पाऊस येणार असेल तर सेकंड मेटला सांगितलेलं बरं, म्हणून आत जाऊन सांगितलं, "साब, ढग आलेत." तो हसला, काही बोलला नाही. चाकावरून काका म्हणाले, "अरे, ढग वाऱ्याबरोबर जातत. काल थंयच होते, आज थंयच आसत. हे खंय गेले?"

खरंच कुठे गेले नव्हते. चार वाजेपर्यंत ते ताऱ्यांबरोबर सरकले, वाऱ्याबरोबर नाही. काका त्यांना 'पांढरे डाग' म्हणत. पुढे पुस्तकांत वाचलं की हेच मॅगेलनचे मेघ. मॅगेलन स्वतः 1521 मध्ये फिलिपिन्समध्ये मारला गेला, घरी पोचलाच नाही. त्याच्याबरोबरच्या पिगाफेट्टाने वर्णन लिहून ठेवलं म्हणून युरोपात माहिती झाली आणि नाव चिकटलं मॅगेलनचं. दक्षिणेकडची माणसं त्याआधी हजारो वर्षं ते बघत होतीच. 2023 मध्ये खगोलशास्त्रज्ञांतूनच हे नाव बदलावं अशी मागणी झाल्याचं वाचलं. माझ्यापुरतं काकांचं नाव पुरेसं आहे.

आता अंतरं सांगतो. देवयानी सुमारे 25 लाख प्रकाशवर्षं लांब. मोठा मेघ 1 लाख 63 हजार, धाकटा सुमारे 2 लाख. म्हणजे देवयानी मोठ्या मेघाच्या पंधरापट लांब आहे. देवयानी जवळची म्हणायची तर 'जवळची मोठी दीर्घिका' म्हणा, माझी हरकत नाही. पण मग 'मोठी' हा शब्द छापायला हवा होता.

आणि मेघसुद्धा सर्वांत जवळचे नाहीत. त्यांच्याही अलीकडे, धनू राशीत, एक दीर्घिका आहे. ती 1994 मध्ये सापडली. केंब्रिजमधल्या इबाटा, गिलमोर आणि आयर्विन या तिघांनी शोधली. एवढी जवळची, मग इतक्या उशिरा कशी सापडली? कारण ती आकाशगंगेच्या मध्यभागाच्या बरोबर पलीकडे आहे, आणि मधली गर्दी पार केल्याशिवाय ती दिसत नाही. ते तिघे मधल्या गर्दीतल्याच ताऱ्यांचे वेग मोजत होते. त्यात एक घोळका असा निघाला की त्याचा वेग बाकीच्यांशी जुळेना, पण आपसात मात्र तंतोतंत जुळत होता.

कुणकेश्वरच्या यात्रेला गेलेल्याला हे चटकन समजेल. माणसांच्या त्या समुद्रात कोण कुठल्या गावचं ते ओळखू येत नाही. पण पन्नास-शंभर माणसं एका पालखीमागून एकाच चालीने किनाऱ्याकडे निघाली की कळतं, हा एका गावचा देव आला आंघोळीला. चेहरे दिसायची गरज नसते.

या धनूतल्या दीर्घिकेचं काळीज म्हणजे एम 54 नावाचा तारकागुच्छ, सुमारे 87 हजार प्रकाशवर्षांवर. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसिएने तो 1778 मध्येच नोंदवला होता. 1994 पर्यंत, म्हणजे 216 वर्षं, तो आपल्याच आकाशगंगेतला समजत होते. माझ्या जुन्या सात-पन्नास दुर्बिणीतून तो अंधुक ताऱ्यासारखा दिसतो. पंचाईत एकच, धनू रास संध्याकाळी वर येते ती ऐन पावसात. त्यामुळे मी तो एप्रिलमध्ये पहाटे चारला बघतो, आंब्याच्या पेट्या भरायला माणसं यायच्या आधी. (2003 मध्ये बृहल्लुब्धक तारकासमूहाच्या दिशेला याहूनही जवळची एक सापडल्याचं जाहीर झालं होतं. पण ती दीर्घिका आहे की आपल्याच आकाशगंगेची वाकलेली कड, यावर अजून वाद आहे. म्हणून ती मी धरत नाही.)

आता 'नगण्य' या शब्दाकडे येतो, कारण राग आला तो त्याचाच.

धनूतली ती दीर्घिका आकाशगंगेभोवती फिरताना फाटत चालली आहे. जी ओढ आमच्या खाडीत भरती-ओहोटी आणते तीच. जवळच्या बाजूला जास्त ओढ, लांबच्या बाजूला कमी, आणि मधे ताण. तिचे तारे निसटून मागेपुढे पसरले आहेत आणि त्यांचा पट्टा सगळ्या आकाशाला वेढा घालतो. मासळीचा ट्रक बंदरातून निघाला की बर्फाचं पाणी रस्त्यावर गळत जातं, आणि ट्रक दिसेनासा झाला तरी तो कुठून कुठे गेला ते कळतं, तसं. फक्त हा ट्रक पुढेही सांडतो. या पट्ट्याचा माग काढून आकाशगंगेची ओढ किती आणि तिच्यात न दिसणारं वस्तुमान किती याचा हिशेब मांडतात. फाटलेली असली तरी नगण्य कशी?

मोठ्या मेघाची गोष्ट तर याहून भारी. 2020 मध्ये दोघा संशोधकांनी मोजून दाखवलं की त्याच्या ओढीने आपल्या आकाशगंगेची तबकडीच तिच्या बाहेरच्या पसाऱ्याच्या तुलनेत सेकंदाला सुमारे 32 किलोमीटरने सरकते आहे. मी जन्मभर बंदरात टग पाहिले. चाळीस हजार टनांच्या जहाजापुढे टग म्हणजे चिलट. पण दोर ताणला की जहाज वळतं, आणि सुकाण्याला ते तळपायाला जाणवतं. म्हणून 'खुजी' हा शब्दही मला रुचला नाही. ताऱ्यांना आपण 'श्वेत बटू' म्हणतोच, मग 'बटू दीर्घिका' म्हणा. बटू म्हटलं की निदान मराठी माणसाला बळीराजाची गोष्ट आठवेल आणि तो बेसावध राहणार नाही.

पण या मेघांचं खरं ऋण वेगळंच आहे, आणि ते मला कुणी शिकवलं नाही. दीपगृहांच्या अनुभवावरून माझं मलाच उलगडलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रात्री किनाऱ्याजवळ आलं की क्षितिजावर दिवा लागतो. तो कुठला? प्रत्येक दीपगृहाची उघडझाप ठरलेली असते, आणि ती नकाशावर लिहिलेली असते. सेकंड मेट स्टॉपवॉच घ्यायचा, आम्ही तोंडाने मोजायचो, एक हजार एक, एक हजार दोन. झाप किती सेकंदांनी येते ते कळलं की दीपगृह कळलं, आणि दीपगृह कळलं की त्याचा दिवा किती ताकदीचा हेही कळलं. म्हणजे नुसता वेळ मोजून दिव्याची खरी ताकद समजते. मग तो जितका मंद दिसेल तितका लांब.

आकाशात ही युक्ती चालत नव्हती, कारण कुठल्या ताऱ्याची खरी ताकद किती हेच माहीत नव्हतं. मंद दिसणारा तारा लांबचा मोठा की जवळचा लहान? बंदराबाहेर अंधारात दिवे दिसले तर आम्हालाही हाच प्रश्न पडायचा, लांबचा ट्रॉलर की जवळची होडी?

हार्वर्डच्या वेधशाळेत हेन्रिएटा लेव्हिट नावाची बाई होती. ऐकायला कमी यायचं. तासाला 30 सेंट मिळायचे. पेरूमधल्या अरेक्विपा इथून काढलेल्या काचेच्या फोटोप्लेटा तपासून त्यातल्या, उजेड कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांची नोंद करायची, हे तिचं काम. 1908 मध्ये तिने दोन्ही मेघांतले मिळून 1777 असे तारे नोंदवले. 1912 मध्ये धाकट्या मेघातल्या 25 ताऱ्यांचा तक्ता केला. त्यांची उघडझाप सव्वा दिवसापासून 127 दिवसांपर्यंत. आणि तिला दिसलं की ज्याची झाप सावकाश तो तारा तेजस्वी, ज्याची भरभर तो मंद, अगदी ओळीने.

हे तिथेच का दिसलं? कारण ते सगळे तारे एकाच मेघातले. म्हणजे एकाच बंदरात नांगरलेल्या होड्या. किनाऱ्यावरून सगळ्यांचं अंतर जवळजवळ सारखं, त्यामुळे जी होडी जास्त उजळ दिसते तिचा दिवा खरोखरच मोठा. आपल्या आकाशगंगेत हे तारे जवळ-लांब विखुरलेले, म्हणून हिशेब जमत नव्हता. शेजारी एक वेगळी, भरलेली, आटोपशीर दीर्घिका होती म्हणून आकाशाचा 'दिव्यांचा नकाशा' तयार झाला. पुढे 1923 मध्ये खगोलशास्त्रज्ञ हबलला देवयानीत असाच एक तारा सापडला. त्याची झाप मोजून त्याने अंतर काढलं, आणि देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे हे तेव्हा कळलं. म्हणजे आपल्या लेखकाने ज्या देवयानीचं एवढं कौतुक केलं, तिचा पत्ता या 'नगण्य' शेजाऱ्याच्या पट्टीने मोजलेला आहे.

1987 ची आठवण दोन ओळींत सांगतो. फेब्रुवारीत मोठ्या मेघात एक तारा फुटला. आम्ही मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाहून कोळसा घेऊन निघालो होतो. तेव्हाचा सेकंड मेट, तरुण पोरगा, रेडिओवर ऐकून मला विंगवर घेऊन गेला आणि बोट दाखवलं. मेघाच्या कडेला एक तारा जास्तीचा होता. चौदा वर्षं मी तो मेघ पाहत होतो, त्यामुळे मला तो लगेच खटकला, घरच्या भिंतीवर नवा खिळा दिसावा तसा.

आता तिसरी चूक. मेघ भारतातून दिसतच नाहीत, हे दिल्लीत बसून लिहिलं तर ठीक. इथे गणित असं. देवगडचं अक्षांश 16 अंश 22 मिनिटं उत्तर. मोठ्या मेघाचा मध्य दक्षिणेला 69 अंश 45 मिनिटांवर. नव्वदातून दोन्ही वजा केले की उरतात 3 अंश 53 मिनिटं. म्हणजे मेघ दक्षिणेच्या क्षितिजावर येतो, हात लांब करून दोन-अडीच बोटं आडवी धरली तर तेवढा वर. धाकटा मेघ एक अंशही वर येत नाही, त्याचा नाद सोडावा. मोठा मात्र रोज येतो. पौष अमावास्येच्या सुमारास रात्री दहाला तो सर्वांत वर असतो. अगस्त्य तारा ओळखत असाल तर त्याच्या खाली, समुद्राला टेकून. देवगडहून सरळ दक्षिणेला जमीन आड येत नाही, पाणीच पाणी. देशाच्या उत्तर भागाला हे भाग्य नाही.

वर येतो, पण मला दिसला का? नाही. एवढ्या खाली पाहताना डोक्यावरच्या बारापट हवा मधे येते, आणि आमच्या हवेत खार, धूर, दमट धुकं. हे मान्यच आहे. पण प्रयत्न तीन वर्षं चालू आहे. यंदा नात बरोबर होती, नववीतली. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, कांबळं टाकून बसलो, थर्मासमध्ये चहा. वाटेवरून जाणाऱ्या शेजाऱ्याने बॅटरी मारून विचारलं, "बिबटो दिसलो काय?" मी म्हटलं, "ढग बघतो." तो काही न बोलता निघून गेला. गावात आता काय बोलतात ते मला ठाऊक आहे.

दहा वाजता अगस्त्य दिसत होता, स्वच्छ. त्याखाली बोटं धरून मी नातीला जागा दाखवली. आणि नेमक्या त्या जागी क्षितिजावर उजेडाची ओळ. लग्नाच्या मांडवाचे दिवे पाण्यावर लावावेत तशी. एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या बोटी. केंद्र सरकारने 2017 मध्येच त्यावर बंदी घातली आहे. बंदी कागदावर, दिवे पाण्यावर. आमच्या पारंपरिक मच्छीमारांची तक्रार माशांसाठी आहे आणि ती मोठी आहे, तिच्यापुढे माझ्या ढगाचं कुणाला काय. पण ज्या दोन-अडीच बोटांत हा शेजारी उभा राहतो, तेवढीच जागा त्या उजेडाने खाल्ली होती.

नातीने मोबाइल दगडावर टेकवून वीस सेकंदांचा फोटो काढला. त्यात दिव्यांच्या वर एक फिकट डाग आला. ती उडालीच. "आजोबा, दिसला म्हणून सांगू शाळेत?" मी फोटो मोठा करून बघितला. डाग असेल, खाऱ्या हवेवर पसरलेला बोटींचा उजेडही असेल. मी तिला म्हटलं, अजून नको. ती फुरंगटली. घरी येईपर्यंत बोलली नाही.

महाशिवरात्रीला पुन्हा जावं म्हणत होतो. ती अमावास्येच्या आदली रात्र, चंद्र आड येत नाही, आणि तोवर मेघ आठच्या सुमारासच वर येतो. पण त्या रात्री कुणकेश्वरची यात्रा. वर्षातली काळोखी रात्र, आणि नेमका त्याच रात्री आमचा किनारा उजळलेला. देवाला नावं ठेवता येत नाहीत, तेव्हा पुढच्या पौषापर्यंत थांबायचं.

आपल्याला विनंती दोन. पुढच्या पुरवणीत दोन ओळींची दुरुस्ती छापावी: सर्वांत जवळची दीर्घिका देवयानी नव्हे, धनूतली बटू दीर्घिका आणि मेघ तिच्याहून कितीतरी जवळ आहेत, आणि मॅगेलनचा मोठा मेघ दक्षिण कोकणात क्षितिजाच्या वर येतो. दुसरं, वेंगुर्ले-रेडीकडच्या वाचकांना आमच्यापेक्षा अर्ध्या अंशाहून जास्तच फायदा आहे. रेडीला तो साडेचार अंशांवर येतो. तिकडच्या कुणी पौषातल्या काळोख्या रात्री दहाच्या सुमारास अगस्त्याखाली पाहून तो खरोखर दिसल्याचं कळवलं, तर ते पत्र आधी माझ्याकडे पाठवावं. नातीला दाखवायचं आहे. माझा पत्ता पाकिटामागे लिहिला आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त सुकाणी
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग